खोक्यातल्या बाईचा हात

बत्तीशीरावांनी लॉकरबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाई तिथे नव्हत्या. त्यांचा जबडा होता.

जबडा प्लास्टरचा होता, अजून ओलसर, आणि स्टीलच्या ट्रेमध्ये बसून आला होता. बत्तीशीरावांच्या सांगण्याप्रमाणे त्या क्षणी बाहेरची वाहतूक थांबली, गॅसची ज्योत आपोआप बारीक झाली, हातातला मेण कापायचा चाकू हवेतल्या हवेत थबकला, आणि शेजारच्या खोलीत डॉक्टर ज्याची दाढ उपटत होते तो पैलवान ओरडता ओरडता गप्प झाला. बत्तीशीरावांनी जबडा उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "काय चावा आहे."

वाहतूक तिथे रोजच थांबते, कोपऱ्यावर सिग्नल आहे. आणि पैलवानाला एव्हाना इंजेक्शन चढलं होतं. ही माहिती बत्तीशीरावांच्या थोरल्या बहिणीची. तिला सगळी गल्ली ताई म्हणते. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली होती. तिने उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात घालवला होता, त्यामुळे लाइन धरून गप्प बसणाऱ्या माणसाचा तिला मनस्वी राग होता. नशीब असं की पदरी आलेला भाऊ नेमका तसलाच निघाला.

बत्तीशीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांनाही फारसं आठवत नसे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते कवळ्या आणि कॅप बनवत. पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढायचे, मागच्या खोलीत बत्तीशीराव नवे करायचे, आणि मधलं दार पेशंटांसाठी कधी उघडत नसे. निम्म्या वस्तीच्या तोंडात त्यांचं काम होतं, पण चेहरे अनोळखी. रस्त्यात कुणी हसलं की ते दातांना ओळख दाखवायचे, माणसाला नाही.

या सवयीने त्यांचं लग्न राहिलं. तरुणपणी ताईने दोन-तीन ठिकाणी ओळखी करून दिल्या होत्या. एकीला ते म्हणाले, "तुमचा खालचा सुळा जरा फिरलाय, पण घाबरू नका." दुसरीला काहीच म्हणाले नाहीत, तिने चहात बिस्किट बुडवलं तेव्हा फक्त मान वाकडी करून खालून बघितलं. तिसरीपर्यंत बातमी पोचली होती.

तर तो जबडा. बत्तीशीरावांनी तो वाचला, जसं ज्योतिषी हात वाचतो. दाढा झिजलेल्या, म्हणजे बाई झोपेत दात खाते, म्हणजे जागेपणी मनातलं मनात ठेवते. डाव्या बाजूनेच चावते, म्हणजे एकदा ठरवलं ते ठरवलं. आणि पुढचे दात नव्यासारखे, कडेला एक टवका नाही. दाताने दोरा तोडणारी नव्हे. दाताने पाकीट फोडणारी तर मुळीच नव्हे.

"ही बाई वस्तू जपते," त्यांनी रात्री जेवताना ताईला सांगितलं.

"नाव काय तिचं?"

"ते चिठ्ठीवर होतं. वाचलं नाही."

कॅप एकाच दाताची करायची होती. बत्तीशीरावांची कॅप कधी परत येत नसे, ही तीनदा आली. चावताना किंचित टेकते, अशी तक्रार. बत्तीशीराव आजही शपथेवर सांगतात की त्यात त्यांचा काही हात नव्हता. ताई त्या शपथेला विचारत नाही. चौथ्या खेपेला पेशंट स्वतःच मधलं दार ढकलून आत आली, दार पुन्हा लावलं, आणि लागलं की नाही ते ओढून बघितलं.

"ही कॅप दुसऱ्या कुणाची तरी आहे," ती म्हणाली.

बाई एका बँकेत लॉकर सांभाळत. लोखंडी दाराआड, खिडकी नसलेल्या खोलीत, लोकांच्या बंद डब्यांच्या राखणीला. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि पन्नाशीच्या आसपासच्या चेहऱ्यावर, सगळं जागच्या जागी आहे ना, अशी कायमची पाहणी. बत्तीशीरावांनी हे काही पाहिलं नाही. त्यांनी तोंड पाहिलं, ओळख पटली, आणि ते जुनी ओळख असल्यासारखे हसले. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

तिथे एक स्टूल होतं. पेशंटांना समजावून सांगायला डॉक्टरांनी एकदा मुठीएवढी दाढ करून मागितली होती. ती एका बाजूला कलली, म्हणून बत्तीशीरावांनी वरचा भाग घासून सपाट केला. वरच्या दाढेला तीन मुळं असतात, ते तीन पाय झाले. त्यावर ते चहाची बशी ठेवत.

"हे एकास सहा आहे?" बाईंनी विचारलं.

"अगदी," बत्तीशीराव म्हणाले. एकास सहा म्हणजे काय याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

ती कल्पना पुढच्या रविवारी आली, बाईंनी समजावून सांगितल्यावर. बाई बाहुल्या जमवत. लहान मुलांच्या नव्हेत. मोठ्या माणसांनी जमवायच्या, ठरावीक संख्येने निघणाऱ्या, वीतभराहून थोड्या उंच बाहुल्या. खरी बाई जेवढी असते त्याच्या सहाव्या हिश्शाएवढी ही बाई, म्हणून एकास सहा. असे जमवणारे लोक त्यांच्यासाठी खुर्च्या, भिंती, दिवे, कपबशा असा लहानसा संसार मांडतात आणि त्याचे फोटो काढतात. फोटो असा हवा की बघणाऱ्याला वाटावं, खऱ्याच खोलीत खरीच बाई बसली आहे. हे ऐकून दुसऱ्या कुणी हळूच घड्याळाकडे बघितलं असतं. बत्तीशीराव गंभीर झाले. आयुष्यभर खोट्याला खरं दिसायला लावण्याचंच काम केलेल्या माणसाला यात विचित्र काय वाटणार?

अडचण एकच होती. बाईंच्या बाकीच्या बाहुल्या मोकळ्या होत्या, पण सगळ्यांत मानाची जी होती, ती खोक्यात होती. आल्या दिवसापासून बंद. पुढून पारदर्शक प्लास्टिक, मागे पुठ्ठा, आत हिरवा पायघोळ झगा घालून आणि उजवा हात वर करून उभी. खोकं उघडायचं नाही, त्याला डिंक लावायचा नाही, टाचणी टोचायची नाही, चिकटपट्टी तर नावसुद्धा काढायचं नाही. आणि फोटो तर हिचाच हवा.

"मग हिला बाहेर कधी काढणार?" बत्तीशीरावांनी विचारलं.

"असा प्रसंग करून दाखवा की तिला बाहेर यावंच लागेल," बाई म्हणाल्या. "मग बघू."

हे "मग बघू" बत्तीशीरावांनी घरी नेलं आणि उशाशी ठेवलं. जी बाई आपल्या बाहुलीला खोक्यातून बाहेर काढील, तीच आपल्याला घरात घेईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. ताईने या हिशेबातली जोडणी विचारली. त्यांना ती सांगता आली नाही, पण त्यामुळे हिशेब चुकीचा ठरत नाही, असं त्यांचं मत पडलं. खोकं उघडलं की बाईंना लग्नाचं विचारायचं. त्याआधी ब्र काढायचा नाही.

मग ताईच्या घरातलं जेवणाचं टेबल गेलं. त्यावर शहर उभं राहू लागलं.

बंद खोक्यात, झगा घालून, हात वर करून बाई उभी आहे, तर ती कुठे असू शकते? या प्रश्नाला बत्तीशीराव दवाखान्यात, रस्त्यात, न्हाणीघरात सतत भिडलेले असत. पहिलं उत्तर लिफ्ट. खोक्याच्या तोंडावर अलगद सरकवता येईल अशी चौकट त्यांनी केली, बाजूला बटणं, वर मजल्यांचे आकडे. बाई लिफ्टमध्ये उभी, हात वर, थांबा थांबा म्हणतेय. बाहेर दाढेच्या स्टुलावर मोकळ्या बाहुल्यांपैकी एक पर्स धरून वाट बघतेय. फरशी प्लास्टरची, गादीला तोंडात ठेवतात त्या कापसाच्या सुरळ्या, पडद्याची दोरी म्हणजे दात साफ करायचा मेणदोरा. दवाखान्यातल्या छोट्या गोल आरशाने ते खिडकीतलं ऊन उचलत आणि नेमकं बाहुलीच्या गालावर टाकत. फोटो बाई काढत, कारण कॅमेरा त्यांचा होता आणि त्या कॅमेऱ्याची पेटी दुसऱ्याला उघडू देत नसत.

पहिला फोटो बाईंनी जवळून बघितला, लांबून बघितला. मग म्हणाल्या, "लिफ्ट गुलाबी का?"

लिफ्ट गुलाबी होती कारण ती कवळीच्या साहित्याची होती. ते एकाच रंगात येतं, हिरडीच्या. बत्तीशीरावांनी रंग देऊन बघितला, रंग धरेना. म्हणून त्यांच्या शहरात लिफ्ट गुलाबी, दिव्याचे खांब गुलाबी, टपालपेटी गुलाबी, झाडांचे बुंधेसुद्धा गुलाबी. जरा दुरून पाहिलं तर सगळं शहर तोंड उघडून आ करतंय असं वाटायचं.

"आणि लिफ्टमध्ये तुम्ही पण आहात," बाई म्हणाल्या.

खरंच होतं. खोक्याच्या प्लास्टिकवर बत्तीशीरावांचं प्रतिबिंब पडलं होतं. बाहुलीच्या खांद्यामागे चष्मा लावलेला, तोंड किंचित उघडं ठेवलेला एक धूसर मनुष्य. त्यांनी माफी मागितली. पुढच्या रविवारी काळं कापड पांघरून बसले. तो फोटो स्वच्छ आला. बाईंनी तो पाहिला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "आज तुम्ही आला नाहीत."

त्यानंतर काळं कापड पुन्हा निघालं नाही. ताईने त्याचं पायपुसणं केलं.

लिफ्टनंतर टेलिफोनची केबिन झाली. मग सिनेमाची तिकीटखिडकी, आत बाई हात वर करून सांगतेय, संपली तिकिटं. मग चौकातली वाहतूक पोलिसाची गुमटी. पायघोळ हिरवा झगा घातलेला वाहतूक पोलीस जगात कुठेच नसेल, पण हात इतका रुबाबात वर होता की बघणारा आपसूक थांबावा. रस्त्यावर गुलाबी मोटारी खोळंबलेल्या. बाईंना हा फोटो एवढा आवडला की त्यांनी तो मंडळात नेला.

मंडळाबद्दल सांगितलंच पाहिजे. बाहुल्या जमवणाऱ्यांचं हे मंडळ एका शाळेच्या हॉलमध्ये जमत असे. अध्यक्ष एक निवृत्त बस कंडक्टर होते. ते बाहुल्या जमवत नसत, बाहुल्यांचे बूट जमवत, तेही डाव्या पायाचे. अध्यक्ष ते यासाठी की हॉलची किल्ली त्यांच्याकडे असे. मंडळात दोन वर्ग होते. ज्यांच्याकडे न उघडलेलं खोकं आहे ते "अखंड", आणि ज्यांनी मोहाला बळी पडून उघडलं ते "उघडे". अखंडांनी पुढे हाताच्या खुर्चीवर बसायचं, उघड्यांनी मागे घडीच्या खुर्च्यांवर. काळाच्या ओघात एकेकाचा धीर सुटत गेला होता आणि पुढे आता लॉकरबाई एकट्याच उरल्या होत्या. हाताच्या खुर्चीवर, पाठ ताठ, मागे चाळीस उघडे.

अध्यक्षांनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

"पुढे सरका, पुढे सरका," ते सवयीने म्हणाले आणि मग निरखून बघू लागले. "शहराला हिरड्यांचा काही आजार आहे का?"

"ती शैली आहे," बाई म्हणाल्या.

"बाहुलीपेक्षा खोकंच चांगलं आलंय."

मंडळाच्या भाषेत याहून मोठी स्तुती नव्हती. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस गुमटीला मिळालं. बाईंनी घरी येऊन सांगितलं तेव्हा बत्तीशीराव आनंदाने लाल झाले आणि त्यांनी, ताईच्या शब्दांत, सोन्यासारखी संधी दाढेखाली धरून चघळून टाकली. "छान झालं," असं म्हणून ते गुमटीच्या कौलांना पॉलिश करायला बसले.

"तुझं घोडं अडलंय कुठे?" बाई गेल्यावर ताईने विचारलं.

"खोकं उघडू दे."

"खोकं उघडायला ती काय वेडी आहे? आत्ता तर बक्षीस मिळालंय."

"असा प्रसंग करतो की उघडावंच लागेल."

आणि त्यांनी आग लावली. म्हणजे टेबलावर. उंच गुलाबी इमारत, वरच्या मजल्याच्या खिडकीत खोकं, खिडकीत बाई हात वर करून मदत मागतेय. खालच्या मजल्यांतून कापसाचा धूर. भिंतीला टेकवलेली अग्निशामक दलाची शिडी, पायरी न् पायरी कोरलेली. आता यातून बाई बाहेर येणार नाही तर जाणार कुठे? बत्तीशीरावांनी त्या रविवारी दाढी दोनदा केली.

बाईंनी इमारत पुढून पाहिली, बाजूने पाहिली. शिडीला बोट लावलं. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

"आता तर हिला मुळीच हलवायला नको," त्या म्हणाल्या. "वाचवायला येताहेत ना."

फोटो अप्रतिम आला. धुरात बत्तीशीरावही दिसत होते, होरपळलेले.

संध्याकाळी ताईने भावासमोर चहाचा कप आपटला. टेबल नसल्यामुळे तो खिडकीच्या कट्ट्यावर आपटावा लागला.

"तू स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोयस, कळतंय का तुला?"

"का?"

"अरे, ती बाहुली खोक्यात का आहे याला तुझ्याआधी काही कारणच नव्हतं. नुसती होती आपली. तू तिला दर आठवड्याला नवं कारण करून देतोस. आज लिफ्ट, उद्या पोलीस, परवा आग. एवढी चांगली कारणं मिळाल्यावर खोकं उघडेल कोण? तू खोक्याचा वकील झालायस, वकील. आणि स्वतःचाही. विचारायचं नाही याला तुझ्याकडेही दर आठवड्याला कारण तयार."

बत्तीशीराव त्या रात्री झोपेत दात खात होते. सकाळी उठले तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. बुद्धीने बांधलं ते मूर्खपणाने सोडवायचं. आता असा प्रसंग करायचा की त्यात खोकं अगदी बावळट दिसलं पाहिजे. कारण नाही, चौकट नाही, खिडकी नाही. बघितल्याबरोबर बाईंना वाटलं पाहिजे, छे, असं कसं, हिला आधी बाहेर काढा.

त्यांनी जेवणाची खोली मांडली. दोघांचं जेवण. नखाएवढ्या ताटल्या, गुलाबी. एका खुर्चीवर पाहुणा. पाहुणा त्यांनी स्वतः बनवला, आणि इथे मात्र वर्षानुवर्षांची सवय आडवी आली. हात-पाय तारेचे, सूट ताईच्या जुन्या छत्रीच्या कापडाचा, पण डोकं कवळीच्या साहित्याचं. आणि डोकं करायला घेतल्यावर बत्तीशीरावांना दात टाळता येईनात. वरचे सोळा, खालचे सोळा, एकेक घासून बसवलेला. पाहुण्याला नाक जेमतेम होतं, डोळे दोन ठिपके, पण हसू असं की खोलीतला सगळा उजेड त्यात जाऊन पडे. ताईने ते बघितल्यावर त्या रात्री स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

दुसरी खुर्ची रिकामी. आणि तिच्या शेजारी, भर जेवणाच्या खोलीत, काही पांघरूण न घालता, उघडंवाघडं खोकं. आत बाई हात वर करून.

रविवारी ऊन चांगलं होतं. बाई आल्या, हातमोजे घातले, खोकं सांगितलेल्या जागी ठेवलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. बत्तीशीराव खिडकीशी आरसा धरून उभे होते. आरशातलं ऊन भिंतीवर थरथरत होतं.

"वा," बाई म्हणाल्या. "फ्रिज फार छान झालाय."

बत्तीशीरावांचा आरसा खाली आला.

"फ्रिजमध्ये बाई कशाला उभी राहील?" स्वयंपाकघरातून ताई म्हणाली.

"गारव्याला," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर पाहुण्याकडे गेली. "हा कोण?"

"पाहुणा," बत्तीशीराव म्हणाले.

"दात तुमचे आहेत."

हे खरं होतं. त्यांनी स्वतःचाच साचा समोर ठेवला होता.

"याला खोकं नाही?"

"नाही."

"मग धूळ बसेल की याच्यावर. कोण पुसणार?"

बत्तीशीराव गप्प. बाई गप्प. टेबलावर पाहुणा एकटाच बत्तीसही दाखवत होता. स्वयंपाकघराच्या दारात ताई येऊन उभी राहिली. हातात पोळपाट होता, पण आवाज निघाला तो जुन्या नोकरीतला, नाकातला.

"तीन मिनिटं झाली. वाढवून हवीत की लाइन तोडू?"

"बाई," बत्तीशीराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज मधल्या दारापलीकडून आल्यासारखा वाटला. "ते खोकं उघडा."

बाईंनी हातमोजे नीट केले.

"मग म्हणायचं की," त्या म्हणाल्या. "अहो, लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक आमच्याकडे, एक ग्राहकाकडे. ग्राहकाने आपली लावल्याशिवाय मी माझी लावत नाही, तो नियम आहे. तुम्ही एवढे दिवस नुसती लॉकरची भिंत रंगवताय. उघडा म्हणून एकदा तरी म्हणालात?"

"प्रसंग करा म्हणालात तुम्ही."

"मग हा प्रसंग नाही तर काय आहे?"

"आणखी एक विचारायचं होतं," बत्तीशीराव म्हणाले. किल्ली लागली होती, तेव्हा ती फिरवून घ्यावी असं त्यांना वाटलं असावं.

"आधी हे होऊ द्या. एका वेळी एकच लॉकर."

मेण कापायचा चाकू बाईंनी हातात घेतला. एवढ्यात मंडळाची हाताची खुर्ची त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असणार, कारण चाकू वरच्या पट्टीवर टेकून थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी पट्टी कापली. पुठ्ठ्याचा वास आला, जुन्या कपाटासारखा. त्यांनी मागच्या बारीक तारा एकेक करून सोडवल्या, कमरेची, गळ्याची, पायांची. बाहुली सुटेना. वर केलेल्या हाताच्या मनगटाला एक पारदर्शक दोरा होता, तो खोक्याच्या छताला बांधलेला.

बाईंनी दोरा कापला. हात खाली पडला.

म्हणजे सटकन पडला, आणि तसाच लोंबत राहिला. ज्या हाताने लिफ्ट थांबवली, तिकिटं संपल्याचं सांगितलं, चौक अडवला, अग्निशामक दल बोलावलं, तो हात मुळात वर नव्हताच. बांधलेला होता. बाईंनी तो दोनदा वर करून बघितला. दोनदा तो खाली आला. मग त्यांनी बाहुलीला टेबलावर उभं केलं, तर ती पाहुण्याच्या ताटलीत तोंडावर पडली, कारण तिचे पाय उंच टाचांच्या बुटांसाठी घडवलेले होते आणि उभं राहायची ताकद खोक्याची होती, तिची नव्हती.

बाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं.

"दमली होती बिचारी," ताई म्हणाली.

"तुमचं ते दुसरं काय होतं?" बाईंनी विचारलं. बाहुली त्यांच्या मांडीवर आडवी होती.

बत्तीशीरावांनी विचारलं. ते नेमकं काय म्हणाले ते ताईने ऐकलं आहे, पण ती सांगत नाही. त्यात बाईंच्या डाव्या दाढेचा उल्लेख होता एवढंच तिच्या तोंडून निघतं.

"चालेल," बाई म्हणाल्या. "फक्त सकाळी दहा ते दोन सोडून. तेव्हा व्यवहार असतात."

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार म्हणून ताई आली आणि डॉक्टर आले, आणि नवऱ्या मुलाने फोटोत वधूकडे बघायचं सोडून नोंदणी अधिकाऱ्याच्या कवळीकडे पाहिलं. ती त्यांचीच होती.

मंडळात लॉकरबाईंना घडीच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. त्यांनी तक्रार केली नाही. खुर्ची पाठीला टोचते एवढं म्हणाल्या. हाताची खुर्ची रिकामी राहिली आणि अध्यक्ष तिच्यावर बूट ठेवू लागले.

इकडे बत्तीशीरावांना शहर मोकळं झालं होतं. आता बाहुली कुठेही जाऊ शकत होती. बागेत, नावेत, नाचाला, बाजाराला. ते टेबलासमोर बसत आणि त्यांना काही म्हणजे काही सुचत नसे. लिफ्टमध्ये ठेवावी तर आता कुणालाही ठेवता येईल. त्यांनी एक बाग केली, गुलाबी गवताची, आणि बाहुलीला झाडाला टेकवून ठेवलं. फोटो निघाला. बाईंनी तो उजेडात धरला.

"यात तुम्ही नाही आलात," त्या म्हणाल्या.

"प्लास्टिक नाही ना आता."

"हं," बाई म्हणाल्या, आणि कॅमेरा पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं.

त्यानंतर त्यांनी फोटो काढले नाहीत. टेबलावर आता जेवतात. बाहुली कपाटात आडवी असते. पाहुणा तिच्या शेजारी आहे, पण ताईच्या आग्रहामुळे पाठ करून. खोकं चांगल्या पुठ्ठ्याचं होतं. त्यात ताई कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवते.